गर्भपिशवीच्या ऑपरेशनमध्ये नोड काढलेत? मग घरात एक टेप ठेवा

आईचं पिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर 'पेल्विक नोड काढले' अशी एक ओळ होती, ती आम्ही वाचली आणि फायलीत घातली. सहा-सात महिन्यांनी आई म्हणाली, "डाव्या पायातलं जोडवं रुततंय गं." वजन वाढलं असेल म्हणून गुजरीतल्या सराफाकडून जोडवं सैल करून आणलं. विषय संपला असं वाटलं, खरं तो तिथंच सुरू झाला होता. म्हणून हे लिहितोय (होय, मी बाईच आहे, आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो).

'गाठी काढल्या' म्हटलं की पाहुण्यांना वाटतं कॅन्सरच्याच गाठी. तसं नाही. लिम्फ नोड सगळ्यांनाच असतात, पायातून वर येणारं लसिकेचं पाणी जांघेतल्या आणि ओटीपोटातल्या नोडमधून गाळून पुढं जातं. ते नोड काढले की पाण्याची वाट बुजते आणि पाणी पायात साठायला लागतं, त्याला लिम्फेडेमा म्हणतात. प्रत्येकीला होतंच असं नाही, पण वर रेडिएशन घेतलं असेल किंवा वजन जास्त असेल तर शक्यता वाढते, आणि पहिल्या वर्षा-दोन वर्षांत नाही झालं म्हणजे सुटलो असंही नसतं. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर 'सेंटिनेल नोड' जमेल काय एवढं डॉक्टरांना विचारा. त्यात रंग सोडून पहिले एक-दोन नोडच काढून तपासतात, सुजेचा धोका बराच कमी होतो, खरं सगळ्यांना ते चालत नाही.

आता टेप. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडं असते तीच. जमलं तर ऑपरेशनच्या आधीच एकदा दोन्ही पाय मोजून ठेवा, आम्ही नाही मोजले आणि मग आधीचा आकडाच हातात नव्हता. सकाळी उठल्या उठल्या, आडवं असतानाच मोजायचं: पाऊल मध्यावर, घोट्याच्या वर, गुडघ्याच्या वाटीपासून खाली 10 सेंमी, वर 10 आणि वर 20. टेप आवळायची नाही, नुसती टेकवायची. आम्ही आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितो, महिन्याला एकदा पुरे. दोन पायांत किंवा आधीच्या मापात 2 सेंमीचा फरक आला की दाखवायचं, डोळ्याला सूज दिसायची वाट बघायची नाही. दोन्ही पाय एकदम पण सुजतात, म्हणून आधीचं माप पाहिजे. आणि एक, बायका लाजून सांगत नाहीत, सूज जांघेत, ओटीपोटाखाली, खाजगी जागेत पण येते. ती पण सांगायची.

आम्ही काय चुकलो ते सांगतो. शेजारच्या काकूंनी 'हत्तीरोग झाला काय' म्हणून घाबरवलं (तो डासामुळं होतो, हे वेगळं), मग गरम मिठाच्या पाण्यात पाय आणि वर तेल लावून जोरात मालीश, आठ दिवसांत पाय आणखी फुगला. यात शेक नको, रगडणं नको. लघवीच्या गोळ्यांनीही ही सूज उतरत नाही. लिम्फेडेमा शिकलेल्या फिजिओकडं हलक्या हाताचं ड्रेनेज (साठलेलं पाणी हळूहळू वर सरकवणं) असतं, इतकं हलकं की आई म्हणाली "हे काय, मांजर गोंजारल्यागत." मग पट्ट्या बांधून पाय उतरवतात आणि उतरला की मापाचं स्टॉकिंग, म्हणजे पाय दाबून धरणारा लांब मोजा. ते अंथरुणातून खाली उतरायच्या आधीच चढवायचं, हातात रबरी ग्लोव्हज घालून, नाहीतर बोटं दुखतात आणि कापड फाटतं. रात्री काढायचं, सावलीत वाळवायचं, साधारण सहा महिन्यांत ते सैल पडतं मग नवं. शुगर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर विचारल्याशिवाय घालू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की तिथून जंतू आत शिरतात. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, चिखल्या दिसल्या की लगेच मलम. रानात अनवाणी नाही, उसाचा पाला कापतो. नवी कोल्हापुरी चप्पल लागून फोड येतो, म्हणून आधी मऊ झालेलीच घाला. अंबाबाईला चप्पल काढायलाच लागते, खरं दुपारी फरशी तापलेली असते, स्टॉकिंगवर मोजे घालून सकाळी जा. परकराची नाडी आणि पैंजण आवळून नकोत.

पाय लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकू नका, अँटिबायोटिक लागतं. एकच पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, चोळायचं नाही, तडक दवाखाना. सोबत दम लागला तर अजिबात थांबायचं नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ओटीपोटात जडपणा, सारखी लघवी असं झालं तर आत पाणी साठलेलं असू शकतं, सोनोग्राफीत दिसतं, बऱ्याचदा आपोआप जिरतं, नाहीतर सुईनं काढतात. मांडीची आतली बाजू बधिर होणं, मांड्या एकमेकींजवळ आणताना जोर न लागणं, हे नस दुखावल्यानं होतं. आईला एसटीची पायरी चढताना पाय आत घेता येत नव्हता, उशी मांड्यांत दाबायच्या व्यायामानं तीन-चार महिन्यांत जमलं.

आता ती रोज स्टॉकिंग घालून रंकाळ्याला चालून येते. लग्नात पंगतीला उभं राहून वाढायचं मात्र बंद, तेवढं तिला अजून खटकतं.