गाडी फोडली, कुंपण तोडलं: पोलिसांत तक्रार करताना आकडा चुकवू नका

मुद्दाम केलेल्या नुकसानीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली येतो. त्यात सगळं अडतं ते नुकसानीच्या रकमेवर. २० हजारांच्या आत असेल तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, २० हजार ते एक लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. पहिले दोन प्रकार अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. लाख किंवा त्यापुढे मात्र गुन्हा दखलपात्र, सरळ एफआयआर.

म्हणून ठाण्यात जाण्याआधी गॅरेज किंवा कंत्राटदाराकडून शिक्का-सहीचं कोटेशन घ्या. ‘अंदाजे बरंच नुकसान’ असं लिहिलंत तर तक्रार खालच्या गटात जाते. आकडा फुगवूही नका. पंचनाम्यात तो उघडा पडतो.

दुरुस्ती पंचनाम्यानंतरच करा. आधी नंबरप्लेटसकट पूर्ण गाडीचा फोटो, मग फुटलेल्या काचेचा जवळून, मग आत पडलेल्या दगडाचा. दगडाला हात लावू नका. सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी मागा, कारण बऱ्याच डीव्हीआरमध्ये जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. कोर्टात ते चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

अर्जात तारीख, वेळ, जागा, साक्षीदार, आणि नुकसान करणाऱ्याने हे जाणूनबुजून केलं असं का वाटतं ते लिहा. आधीची धमकी, मेसेज, वाद, सगळं. हेतू किंवा जाणीव नसेल तर हा गुन्हाच होत नाही. रिव्हर्स घेताना भिंतीला लागलेली गाडी यात बसत नाही. तो फाटक ओलांडून आवारात शिरला होता का? मग तेही लिहा. गुन्हेगारी अतिक्रमण (कलम ३२९) दखलपात्र आहे, आणि एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. हा मुद्दा लोक हमखास विसरतात. गाडीला किंवा कुंपणाला आग लावली असेल तर कलम ३२६, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज पाठवा, पोच जपून ठेवा. तरी दखल नाही घेतली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एनसी असेल तर तपासाच्या आदेशासाठी कलम १७४(२) खाली अर्ज, नाहीतर कलम २२३ खाली थेट खाजगी फिर्याद. कोर्टात जाण्याची मुदत सांभाळा: २० हजारांखालच्या प्रकरणात एक वर्ष, त्यावरच्या लाखाच्या आतल्यात तीन वर्षं.

लाखाच्या आतलं खाजगी नुकसान असेल तर समोरचा बहुधा तडजोडीला येतोच. पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही करा. गुन्हा आपसात मिटवला की आरोपी निर्दोष सुटतो, आणि त्याच घटनेवर तो खटला पुन्हा उभा राहत नाही.