कागदाच्या पट्ट्यांचा वाडगा: रोज अर्धा तास, चार दिवस

मुलांसोबत करायच्या वस्तूंमध्ये कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून केलेला वाडगा सोपा म्हणून सांगितला जातो. हाताचं काम खरोखर सोपं आहे. अवघड असतं ते वाळेपर्यंत थांबणं. वाडगा फसतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: खळ जास्त झाली, नाहीतर ओला असतानाच पुढचे थर चढवले. म्हणून हे काम एका दुपारी उरकायचा बेत करू नका. चार दिवस, रोज अर्धा तास धरा. लहान मुलाचं लक्षही साधारण तेवढंच टिकतं, त्यामुळे हिशेब जमतो.

साच्यासाठी तोंडाशी १५ सेंटिमीटर रुंद असलेलं, बाहेरून गुळगुळीत भांडं घ्या. ते तोंडाकडे रुंद होत गेलेलं हवं. मधे फुगीर आणि तोंडाशी आवळलेलं भांडं घेतलं तर वाळलेला कागद कापल्याशिवाय निघत नाही. कडेला बाहेर वळलेली पट्टी असेल तर थर तिच्या अलीकडेच थांबवा. भांडं पालथं ठेवून त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा आणि तिची टोकं आत खोचा. प्लॅस्टिक नसेल तर पहिला थर खळ न लावता नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्या. तो भांड्याला चिकटत नाही. फुगाही साचा म्हणून चालतो, पण वाळताना हवा कमी झाली की आकार बसतो, आणि फुटलेल्या रबराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर भांडंच बरं.

कागद वर्तमानपत्राचा घ्या, दोन पूर्ण उघडलेले ताव पुरतात. मासिकांचा गुळगुळीत, चकचकीत कागद खळ शोषत नाही आणि वाळल्यावर सुटून येतो. पट्ट्या कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेला कागदाचे तंतू मोकळे होतात आणि शेजारच्या पट्टीत मिसळून बसतात. कापलेल्या कडेची मात्र पायरी दिसत राहते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं जातं, कारण तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसलेले असतात. सरळ दिशा कोणती, हे मुलालाच दोन तुकडे फाडून शोधू द्या. पट्टी दोन बोटं रुंद आणि बोटाएवढी लांब असावी. तळाच्या गोलाईसाठी याच्या निम्म्या पट्ट्या करा. सपाट कागद एकाच वेळी दोन दिशांना वळत नाही, त्यामुळे मोठी पट्टी गोलाईवर बसवली की चुण्या पडतातच.

आता खळ. ३ मोठे चमचे मैदा ५० मिलिलिटर गार पाण्यात कालवा आणि सगळ्या गुठळ्या मोडा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळीचा बाहेरचा भाग लगेच शिजतो, आतला कोरडा राहतो, मग ती काही केल्या फुटत नाही. कालवलेल्या मैद्यात २५० मिलिलिटर उकळतं पाणी हळूहळू ओता, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा. दुधासारखा पांढरा रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक दिसू लागली की उतरवा आणि एक छोटा चमचा मीठ घाला. त्याने बुरशी यायला थोडा वेळ लागतो. हे काम मोठ्यांनीच करायचं. खळ गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून उतरवताना जरा पातळच ठेवा. एवढी खळ एका वाडग्याला पुरून उरते. उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या. मुलाला गव्हाची ॲलर्जी असेल तर दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी असं मिश्रण वापरा. मात्र सुकलेला पांढरा गोंद कपड्यावरून सहसा निघत नाही, खळ पाण्याने निघते.

पहिल्या दिवशी तीन थर. मुलं पट्टी वाटीत बुडवतात आणि गळती पट्टी तशीच साच्यावर टाकतात. अशी पट्टी घसरते, खळ ओघळून कडेशी साचते आणि तो भाग तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो. सहा वर्षांपुढचं मूल असेल तर बुडवलेली पट्टी दोन बोटांच्या चिमटीतून ओढून निथळायला शिकवा. त्याहून लहान असेल तर वाटी बाजूला ठेवा आणि ब्रश द्या: साच्यावर खळ फासायची, वर कोरडी पट्टी ठेवायची, पुन्हा ब्रश फिरवायचा. पट्टी मधोमध दाबून बाहेरच्या बाजूला हात फिरवला की अडकलेली हवा निघते. प्रत्येक पट्टी शेजारचीवर अर्धा बोट चढवा.

पहिला थर उभा, दुसरा आडवा. थर मोजायला एक युक्ती आहे: एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा खाकी किंवा कोऱ्या कागदाचा. खालचा कागद डोकावतोय तिथे पट्टी हवी, हे मुलाला न सांगता दिसतं. एकाच कागदाचे थर दिले तर तळाला सहा थर आणि कडेला दोन अशी गत होते, आणि ते कळतं वाडगा साच्यावरून काढल्यावर. बारीकसारीक चुण्या मात्र मूल झोपल्यावर नीट करत बसू नका. ते सकाळी ओळखतं.

वाळवायला पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात वरचा पापुद्रा आधी सुकून आखडतो, आतला ओला राहतो आणि कड वाकडी होते. २४ तासांनी गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे, कारण पाणी उडताना पृष्ठभागाची उष्णता घेतं. दमट हवेत दीड-दोन दिवसही लागतात. पुरता वाळल्यावरच आणखी दोन थर द्या. पाचही थर एकदम दिले तर आतली ओल कोंडते आणि आठवड्याभरात काळे ठिपके आणि कुबट वास येतो. असा वाडगा रंगवून झाकू नका, टाका.

तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची टोकं सोडून वर ओढली की वाडगा त्यासकट सुटतो. आतली बाजू अजून दमट असते. आता सुलटा ठेवा आणि आत एखादा जड, सपाट बुडाचा डबा ठेवून रात्रभर राहू द्या. ओलसर असतानाच तळ सपाट होतो, नंतर डुगडुगणारा वाडगा सुधारत नाही. सकाळी डबा काढून आतून पूर्ण सुकू द्या.

कड सारखी करायला वाडगा सुलटा ठेवा, हव्या त्या उंचीची पुस्तकांची चवड शेजारी रचा, वर पेन्सिल आडवी धरा आणि वाडगा टोकाशी टेकवून गोल फिरवा. रेघ समान उंचीवर उमटते. फिरवणं मुलाचं, कात्री तुमची, कारण पाच थर कापायला जोर लागतो आणि कात्री निसटते. कापलेल्या कडेवर छोट्या पट्ट्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा दुमडून चिकटवा. हे टाळलं तर थर कडेपासून उलगडू लागतात.

रंगाच्या आधी छापील अक्षरं झाकायला हवीत. पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात देता येतात, पण त्याहून सोपा उपाय म्हणजे शेवटचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा. तो वाळला की मुलं त्यावर मेणखडूनेही रंगवू शकतात. पाण्याचे रंग वापरायचे तर ब्रश निथळलेला हवा, फार पाण्याने खळ पुन्हा मऊ होते. रंगीत कागदाचे फाडलेले तुकडे चिकटवणं तीन-चार वर्षांच्या मुलांना सर्वांत जमतं. शेवटी पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन हात द्या. पोस्टर कलरवर पहिला हात हलक्या, एकाच फटक्यात द्यावा. ब्रश मागेपुढे फिरला की रंग फासतो. लावताना दुधी दिसणारा थर सुकल्यावर पारदर्शक होतो. तरीही हा वाडगा पाण्यासाठी किंवा खाण्यासाठी वापरू नये. पेन्सिली, रबरबँड, खडू यांच्यासाठी उत्तम.

आवरताना उरलेली खळ बेसिनमध्ये ओतू नका, नळीत साचून ती तुंबते. पट्ट्यांच्या उरलेल्या चुऱ्यात पुसून कचऱ्यात टाका, आणि ब्रश खळ सुकायच्या आत धुवा.