पावसात गंगेकाठी सायकल न्यायची तर

नाशिकहून गोदावरीच्या काठाकाठाने नांदूरमधमेश्वरपर्यंत मी दर पावसाळ्यात एकदा तरी जाते. आम्ही पंचवटीतली माणसं नदीला गंगाच म्हणतो, तेव्हा पुढेही तसंच येईल.

निघायच्या आदल्या रात्री आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नका. त्र्यंबकला किती कोसळला आणि गंगापूर, दारणा या धरणांतून किती क्युसेक सोडलंय, ते बघा. निफाडकडे लख्ख ऊन असतं आणि गंगा मात्र चढत असते, कारण पाणी घाटमाथ्याचं. सकाळी मी रामकुंडाकडून जाते. तिथे नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायांना पाणी लागलं असेल तर सायकल घरी आणि मी मिसळ खायला.

रेनकोटवर फार पैसे घालू नका. चढाला आतून घामाने भिजायचंच. अंग भिजू द्या, एक जोड मात्र कोरडा ठेवा. खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक मागून आणायचं, त्यात कपडे घालून तोंड पिळायचं आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्याने आवळायचं. महागड्या बॅगेत पाणी शिरलेलं पाहिलंय, यात अजून नाही.

खरी गोची काळ्या मातीची. सायखेड्याच्या पुढे एकदा भाच्याच्या हट्टापायी शेतातली पाणंद धरली. दोनशे मीटरही गेलो नसू, मागून हाक आली, "मावशी, चाकच फिरेना गं!" मडगार्ड आणि टायरच्या मधे माती ठासून बसलेली, वर गवत मिसळून तिची वीट झालेली. बाभळीच्या काटकीने कोरत बसलो. काटकी मोडली, मग चमचा काढला. अर्धा तास तिथेच. तेव्हापासून डांबरी रस्ता पाच किलोमीटरने लांब पडला तरी तोच. आणि मडगार्ड टायरपासून बोटभर वर घ्या, नाहीतर काढूनच टाका.

ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर ओल्या रिमवर ते उशिरा धरतात. उताराच्या आधीच दोन-तीनदा हलके दाबून पाणी पुसून घ्या. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे टाळा, साबणासारखे असतात. विजा सुरू झाल्या की झाडाखाली उभं राहू नका. गावात शिरून एखाद्या घराचा ओटा गाठा. आधी विचारा, चहा न मागता येतो.

वाटेत फरशी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, लागली आणि तिच्यावरून गढूळ पाणी वाहत असेल तर वळा. कड दिसत नाही, खाली फरशी जाग्यावर आहे का तेही कळत नाही. एकदा आमच्यासमोरून एक मोटारसायकलवाला गेला, पलीकडून हात हलवून या म्हणाला. भाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आम्ही वळलो आणि चांदोरीला हायवेला लागलो. ट्रकांचं शिंतोडं खाल्लं, पण पोचलो.

मुक्कामी आधी चेन. जुन्या बनियनने पुसून कोरडी करा, मग थेंबथेंब तेल, मग जेवण. उलट क्रमाने कधीच होत नाही, झोप लागते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि मध्यरात्री उठलात की बदला. सकाळी बूट गार लागतील, पचपच करणार नाहीत.