निवाऱ्याच्या गच्चीवर पाण्यातली भाजी: दसऱ्याआधीची तयारी

बेघर निवाऱ्यात हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे मातीवाचून खताच्या पाण्यात, पालक लावायचा ठरला की बहुतेक जण आधी पाईप बघायला जातात. तसं करू नका. आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बोअरच्या पाण्यात बुडवा. पाण्याचा विचार आधी, हे लातुरात वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. मीटरवरचा आकडा पाचशे पीपीएमच्या आत असेल तर निभेल. हजाराच्या घरात गेला तर पाण्यात आधीच इतके क्षार असतात की खताला जागाच उरत नाही. अशा वेळी पावसाळ्यातच गच्चीचं पाणी झाकलेल्या टाकीत धरून ठेवा आणि बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळा. निवाऱ्याला टँकर लागत असेल तर या वर्षी बेत रद्द. लोकांच्या आंघोळीचं पाणी तोडून भाजी करायची नाही.

पाईपांचा सांगाडा फोटोत छान दिसतो, पण दुपारी वीज गेली की पंप थांबतो आणि मुळं वाळायला लागतात. म्हणून खोल क्रेटमध्ये पाणी, वर भोकं पाडलेलं थर्माकोल आणि खाली माशांच्या टाकीचा हवापंप, एवढंच घ्या. वीज दोन-तीन तास गेली तरी रोपं तग धरतात. क्रेटला आतून काळा प्लास्टिकचा कागद लावा आणि कुठे फट ठेवू नका. उजेड शिरला तर शेवाळ, डास शिरला तर डेंग्यू. वजन पत्र्यावर टाकू नका, स्लॅबवर बीमच्या रेषेत ठेवा. निवाऱ्याच्या निकषात माणशी पन्नास चौरस फूट धरलेले असतात, त्यात आणि कपडे वाळवायच्या दोरीखाली क्रेट घुसवू नका.

खत कृषी सेवा केंद्रातच मिळतं. दुकानदार १९:१९:१९ ची पुडी पुढे करेल (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), ती नको. तिच्यातलं बरंचसं नत्र युरियाचं असतं आणि मातीतल्या जिवाणूंवाचून ते नीट लागू पडत नाही. कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५, ००:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारी) सूक्ष्म अन्नद्रव्यं मागा. कॅल्शियमचं दाट द्रावण वेगळ्या कॅनमध्ये. बाकीच्यांत मिसळलंत तर तळाला पांढरा चुना बसल्यासारखा गाळ धरतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साडेपाच ते साडेसहा राहू द्या. त्यासाठी लागणारं फॉस्फरिक ॲसिड मात्र कुलपात, किल्ली व्यवस्थापकाकडेच. निवाऱ्यात मन थाऱ्यावर नसलेली माणसंही असतात.

बी पितृपक्षात टाका, दसऱ्याला रोपं क्रेटवर. महाशिवरात्रीनंतर पाणी तापतं, मुळं कुजतात, तेव्हा आवरून ठेवा.

रोज बघायला दोन माणसं ठरवा, एक नाही. आज असलेला माणूस उद्या कामाच्या शोधात निघून जाईल. निवाऱ्यात एखादा ऊसतोडीला गेलेला, एखादा सालगडी राहिलेला भेटतोच. पिकाची नजर त्याला आपल्यापेक्षा जास्त असते. त्याला शिकवायला जाण्याआधी विचारा, आणि काम रोजचं असेल तर पैसे द्या.

स्वयंपाकीण मावशींना खरं सांगून ठेवा: शंभर भोकांतून महिन्याकाठी साठ माणसांची एक वेळची भाजी निघाली तरी पुष्कळ. कुणीतरी अंबाडी मागणारच. ती मातीतच बरी. दोन-तीन सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ठेवा, क्रेटमधलं बदललेलं पाणी तिला घाला.