जर्मन आडनावं इंग्रजीत लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी, आडनावाचं भाषांतर करायचं नसतं. श्नायडर म्हणजे शिंपी, कॉख म्हणजे आचारी, त्सिमरमान म्हणजे सुतार, एवढं जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, क्लासला नुकतं बसलेल्यालाही कळतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. मी पुण्यात जर्मन कागदपत्रं इंग्रजीत करून देते, माझ्याकडे एकदा एक करार तपासायला आला, कुणीतरी घाईत अख्खी फाईल मशीन ट्रान्सलेशनमधून काढून तशीच पुढे ढकललेली. पहिल्या पानावर हेर श्नायडर, मधे दोन कलमांत तेच गृहस्थ मिस्टर टेलर, सहीच्या जागी परत श्नायडर! फ्राउ क्लाइनचं तर चक्क 'स्मॉल वुमन' झालं होतं. वकिलांनी विचारलं, हा टेलर कोण, याला करारात कधी घेतलं? सह्या राहिल्या बाजूला, सगळी कलमं पहिल्यापासून वाचावी लागली. माझी पद्धत साधी आहे, काम हातात आलं की आधी सगळी नावं एका कागदावर उतरवायची, पासपोर्टवर किंवा लेटरहेडवर जे स्पेलिंग असेल तेच, आणि शेवटी फाईलमधे एकेक नाव शोधून जुळवायचं. वेळ जातो, जाऊ दे.

मग म्युलरचे मिलर आणि श्मिटचे स्मिथ कसे झाले, असं विचारतात. तर ते त्या त्या घरच्यांनी केलेत, भाषांतरकाराने नाही. अमेरिकेत गेलेल्या हूबरांचे हूवर झाले (राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर याच घराण्यातले), पियानोवाल्या श्टाइनवेगांनी अर्धंच नाव बदलून स्टाइनवे केलं, आणि 1917 मधे, जर्मनीशी युद्ध चालू असताना, ब्रिटनमधल्या बाटेनबेर्गांनी माउंटबॅटन नाव घेतलं. एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कजवळ स्थलांतरितांची तपासणी व्हायची तिथल्या, कारकुनांनी नावं बदलली ही कथा कृपया पुढे ढकलू नका, ते जहाजाबरोबर आलेल्या याद्यांवरूनच नावं तपासायचे.

दुसरी चूक उमलाउटची, म्हणजे स्वरावरच्या दोन टिंबांची, ही तर मला रोज दिसते. कीबोर्डवर टिंबं सापडत नाहीत म्हणून म्युलरमधे नुसता यू ठोकून देतात. टिंबं गाळायचीच असतील तर यूचा यूई, ओचा ओई, एचा एई करायचा, आणि एस्त्सेटचा, म्हणजे ß या अक्षराचा, डबल एस. जर्मन पासपोर्टच्या खालच्या, मशीनने वाचायच्या ओळीत असंच छापतात, म्हणून तिकिटावर आणि व्हिसाच्या पत्रावर मी तेच टाकते. आपल्या मॅक्सम्युलर भवनाच्या इंग्रजी नावातसुद्धा यूईच आहे, वर्षभर तिथे क्लासला जाणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि उलटा शहाणपणाही नको. गटे हा कवी स्वतःचं नाव ओईनेच लिहायचा, त्याच्यावर टिंबं नाहीत. फाइंड-रिप्लेस मारून प्रत्येक ओईला टिंबवाला ओ करणाऱ्यांनी गटेलाही सोडलेलं नाही, दोन मिनिटं वाचवायला हे कशाला करायचं?

बाकीच्या पटापट सांगते.

काही नावांत मधे येणारं फॉन हे मिडल नेम नाही, आडनावाचा भाग आहे. ग्राफ, फ्रायहेर या सरदारकीच्या पदव्यासुद्धा जर्मनीत 1919 च्या संविधानापासून नावाचाच भाग धरतात, त्यामुळे ग्राफचं 'काउंट' करू नका.

स्पेलिंगमधे ई-आय असेल तर उच्चार 'आय', आय-ई असेल तर 'ई'. पाठ करा.

इंग्रजीत अख्ख्या कुटुंबाबद्दल लिहिताना स्मिथसारखंच श्मिटलाही नुसता एस लावा, अपॉस्ट्रॉफी नाही.

उच्चार मात्र माणसाला विचारूनच. शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख, पण तेच स्पेलिंग असलेले न्यूयॉर्कचे एकेकाळचे महापौर एड कॉच, आणि अमेरिकेतले उद्योगपती बंधू कोक.

आणि मायर. ए-आय, ई-आय, ए-वाय, ई-वाय, सगळी रूपं सापडतात. बहुतेकांचं मूळ जमिनीच्या कारभाऱ्यात, पण ज्यू घरांत तेच नाव हिब्रूतूनही आलेलं असतं, त्यामुळे स्पेलिंग बघून अर्थ सांगायला जाऊ नका. फोनवर मायर ऐकू आलं की लिहायच्या आधी ईमेलवर स्पेलिंग मागवा.