पिकअपच्या पुढच्या चाकाचं हब-बेअरिंग कसं बदलावं

गाडीने वेग घेतला की पुढून घुमल्यासारखा आवाज येतो, वेगाबरोबर चढतो, आणि न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली तरी थांबत नाही. असं होत असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर, म्हणजे हब (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो मधला भाग) ज्यावर फिरतो त्यावर घ्यावा. आवाज इंजिनाचा असता तर आरपीएमबरोबर खाली आला असता. खालीवर झिजलेला टायरही असाच घुमतो, म्हणून आधी टायरवरून तळहात फिरवून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी अलगद डावी-उजवीकडे वळवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर पडतं. आवाज तेव्हा वाढला तर डावं बेअरिंग गेलंय, उलट झालं तर उजवं.

खात्रीसाठी चाक उचला आणि टायर वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, जोराने हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) बघायला हवा. दोन मिनिटांच्या या तपासणीने चुकीचा पार्ट विकत घेण्याची वेळ टळते.

पुढचं सगळं अशा गाड्यांसाठी आहे, ज्यांत हब आणि बेअरिंग एकत्र येतं आणि नकलला (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) मागून तीन किंवा चार बोल्टांनी बसतं. बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असेल तर हायड्रॉलिक प्रेस लागतो. तिथे नकल काढून वर्कशॉपला न्यावा, हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग टिकत नाही. जुन्या पद्धतीची टेपर बेअरिंगं ग्रीस भरून आणि नट ठरावीक ताणावर लावून बसवतात, ती रीतच वेगळी.

आदल्या संध्याकाळी हबच्या मागच्या बोल्टांवर आणि हब-नकलच्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

उघडणं

गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. फोर-व्हील-ड्राईव्ह असेल तर चाक जमिनीवर असतानाच मधली टोपी काढून एक्सल नट सैल करा, चाकाचे नटही अर्धा फेरा. एक्सल नट ढिला केल्यावर गाडी एक फूटही हलवू नका. बेअरिंगला आवळून धरणारा तोच असतो. आता जॅकने उचला आणि चासीखाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, याला अपवाद नाही.

चाक काढा. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ज्या ब्रॅकेटवर असतो त्याचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला किंवा वरच्या आर्मला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही. डिस्क अडकली असेल तर बऱ्याच डिस्कना आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर वरच्या कनेक्टरपर्यंत क्लिपांमधून सोडवा. ती कुठून कशी गेलीय, याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सेन्सर वेगळा असेल आणि जागेवर धरला असेल तर पकडीने पिळू नका, प्लास्टिक तुटून निम्मा आतच राहतो.

हब बाहेर काढणं

खरी कसोटी इथे आहे. मागचे बोल्ट काढले तरी हब बहुधा हलत नाही, कारण गंजाने तो नकलच्या तोंडात धरलेला असतो. घाई करू नका. एक बोल्ट चार-पाच आटे उरतील इतका सैल ठेवा आणि त्याच्या डोक्यावर हातोडा मारा. मग समोरचा बोल्ट, मग पुन्हा पहिला. मध्ये तेल मारा, दहा मिनिटं थांबा. आवाजाकडे कान ठेवा. आधी हातोड्याखाली टणटण वाजतं, आणि गंज सुटायला लागला की तोच आवाज बसका होतो. सांध्यावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली की हब निघालाच म्हणून समजा. ड्राईव्ह शाफ्टच्या टोकावर थेट घाव घालू नका, आटे बसतात. नट टोकाशी लावून, वर लाकूड ठेवून हलके ठोका. शाफ्ट बाहेर ओढूही नका आणि लोंबकळू देऊ नका, रबरी बूट फाटतो.

साफसफाई

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं याच पायरीबद्दल आहे. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा नकलचं तोंड नुसतं फडक्याने पुसलं होतं. हब बसला, आवाज गेला, पण ब्रेक मारला की पॅडल पायाखाली थरथरायचं. पुन्हा उघडलं तेव्हा हबच्या मागे नखाएवढी गंजाची खपली सापडली. तिच्यामुळे हब किंचित तिरका बसला होता, आणि तो तिरकेपणा डिस्कच्या कडेला जाईपर्यंत वाढतो. म्हणून वायर ब्रश आणि एमरी पेपरने ते तोंड धातू चमकेपर्यंत घासा. शाफ्टचे दातेही. मग अँटी-सीझचा (पुन्हा गंजून धरू नये म्हणून लावायची पेस्ट) पातळ हात द्या, पण सेन्सरच्या आसपास अजिबात नको.

बसवणं

नवा हब जुन्याशेजारी ठेवा: बोल्टांची भोकं, दाते, स्टड, वायरची लांबी, कनेक्टर, सगळं जुळतंय ना? धूळरोधक पत्रा बसवायला विसरू नका, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागेल. दाते जुळवून हब सरकवा, बोल्ट हातानेच धरवा आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत हब सरळ आत न्या.

शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच द्या, आकडा तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधला. एक्सल नटाचा आकडा काही पिकअपमध्ये २५० न्यूटन मीटरच्या घरात असतो, तर व्हॅक्यूमवरच्या लॉकिंग हबच्या (गरजेनुसार चाक शाफ्टला जोडणारा हब) काही गाड्यांत जेमतेम ३०. अंदाजाने आवळलं तर बेअरिंग सैल तरी राहील किंवा चिरडेल. इम्पॅक्ट गन इथे वापरू नका. एक्सल नट शक्यतो नवा घ्या, आणि गाडीचं वजन चाकावर येण्याआधी तो पूर्ण आवळा. हे आवळणं डिस्क आणि कॅलिपर लावून झाल्यावरच करा, आणि हब फिरू नये म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा.

डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, कॅलिपर लावा, वायर फोटोप्रमाणे क्लिपांत बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती ताणली जात नाही ना ते बघा. चाकाचे नट समोरासमोर आवळा.

गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पॅडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबा. कॅलिपरमधला पिस्टन मागे गेलेला असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग हळू वेगात फेरी मारा, एबीएसचा दिवा विझतो का बघा. ८०-१०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.