अंबरनाथ की बदलापूर? घर घेण्याआधी काय आणि कसं तपासायचं

कल्याणच्या पुढे घर शोधणारं कुटुंब शेवटी याच दोन नावांपाशी येऊन थांबतं. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली. दोन्हीकडे नगरपरिषद, दोन्हीकडे वीज महावितरणची आणि पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. अंबरनाथ सीएसएमटीपासून ६० किलोमीटरवर, बदलापूर ६८ वर. एजंट सांगतो, "एकच स्टेशन पुढे, पण त्याच पैशात एक खोली जास्त." हिशेब मात्र एवढ्यावर संपत नाही. गावाच्या नावापेक्षा त्या गावातली नेमकी जागा जास्त महत्त्वाची असते. बदलापूर पूर्वेतलं चढावरचं घर आणि पश्चिमेतलं नदीकाठचं घर यांच्यातला फरक अंबरनाथ-बदलापूरमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आधी गाडीचं गणित

दोन स्टेशनांमध्ये लोकलला साधारण दहा मिनिटं लागतात. जाऊन-येऊन वीस, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. पण खरा फरक दहा मिनिटांचा नाही, गाड्यांच्या संख्येचा आहे. अंबरनाथला बदलापूर, कर्जत आणि खोपोली या सगळ्या लोकल थांबतात, शिवाय काही लोकल तिथूनच सुटतात. अंबरनाथला संपणाऱ्या गाड्यांचा बदलापूरकराला काहीच उपयोग नाही. त्यामुळे बदलापूरला एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट जास्त बघावी लागते, आणि रात्री परतताना ते जास्त जाणवतं.

वेळापत्रक घेऊन बसा आणि तीन आकडे कागदावर लिहा. सकाळी तुमच्या वेळेच्या अर्ध्या तास अलीकडे-पलीकडे त्या स्टेशनातूनच सुटणाऱ्या लोकल किती, रात्री आठ ते दहा या वेळात परतीच्या लोकल किती, आणि शेवटची लोकल कितीची. तिथूनच सुटणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजायच्या, कारण बसायला जागा त्यातच मिळते. कर्जतहून येणारी गाडी बदलापूरला येईपर्यंतच भरलेली असते. अंबरनाथचे अनेक जण सकाळी उलटं बदलापूरला जाऊन, तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून परत येतात. तुमचाही तोच विचार असेल तर पास बदलापूरपासूनचा काढावा लागेल. अंबरनाथचा पास घेऊन असा प्रवास करणं नियमाने विनातिकीटच. त्यात रोजची वीसेक मिनिटं जातात, ती हिशेबात धरा.

नोकरी महापे, ऐरोली किंवा तळोज्याला असेल तर लोकलपेक्षा काटई-बदलापूर रस्ता महत्त्वाचा. कामाच्या दिवशी सकाळी आठला स्वतः गाडी काढून शिळफाट्यापर्यंत जाऊन बघा. रविवारी केलेली फेरी काहीच सांगत नाही.

आणि जाहिरातीतले प्रकल्प. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, दोन गावांच्या मधलं चिखलोली स्टेशन, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ही नावं प्रत्येक ब्रोशरमध्ये आहेत. ज्यावरून आज गाडी धावत नाही, त्यासाठी आज एक रुपयाही जास्त मोजू नका. चिखलोली स्टेशनच्या नावावर विकलं जाणारं घर आजच्या घडीला अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनपासून रिक्षाने किती लांब आहे, तोच त्याचा खरा पत्ता.

नदी: बदलापुरात हे सगळ्यात आधी

उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिम बाजूने वाहते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिचं पाणी वस्तीत शिरलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत घर बघत असाल तर पूररेषा तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा निषिद्ध, निळ्या-लालच्या मधला नियंत्रित. नियंत्रित पट्ट्यात अटींवर बांधकाम होऊ शकतं, त्यामुळे "परवानगी आहे" याचा अर्थ "पाणी येत नाही" असा होत नाही. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, आणि त्यावर दोन्ही रेषा दाखवायला सांगा.

कागद झाला की भिंत वाचा. तळमजल्यावर किंवा पार्किंगच्या खांबांवर रंगाखाली आडवी मळकट रेघ दिसते का? मीटरबोर्ड मुद्दाम छातीच्या वर हलवलाय का? शेजारच्या दुकानात सर्वांत खालचं फडताळ रिकामं ठेवलेलं असतं का? ज्या किराणावाल्याने दोन पूर पाहिले आहेत, तो हाताने भिंतीवर पातळी दाखवतो. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात ते कुणी सांगणार नाही.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय?" असं वाटतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी घरात येत नाही, पण पंपाची मोटर, लिफ्टचा खड्डा, मीटर रूम आणि पार्किंगमधल्या गाड्या खालीच असतात. मोटर जळली की पुरानंतर चार दिवस वरच्या मजल्यावरही नळाला पाणी नसतं, आणि जमिनीखालच्या टाकीत गाळ जातो तो वेगळाच. म्हणून पंप आणि मीटर रूम कुठे, किती उंचीवर, हे विचाराच. शेजारचा नवा प्लॉट भराव टाकून उंच केला असेल तर त्याचं पाणी तुमच्या आवारात उतरेल. दोन्ही गेटांवरून रस्त्याची आणि आवाराची पातळी डोळ्यांनी जुळवून बघा.

हवा: अंबरनाथमध्ये हे सगळ्यात आधी

अंबरनाथला नदीचा तसा धाक नाही, पण एमआयडीसी (औद्योगिक वसाहत) जवळ आहे. आनंदनगर, मोरिवली-चिखलोली, वडोल या पट्ट्यांत कारखाने आहेत, त्यांत रासायनिकही. बदलापूर पूर्वेलाही खरवई-मानकिवलीकडे एमआयडीसी आहे, त्यामुळे बदलापूर सुटलं असं नाही. दुपारी दोनला वास येत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, गार हवा जमिनीलगत बसते आणि सोडलेला वायू वर न जाता वस्तीत रेंगाळतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्री अकराला आणि पहाटे सहाला त्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहून बघा. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर ही एक फेरी दहा ब्रोशरपेक्षा मोलाची. वालधुनी नाल्याला लागून इमारत असेल तर तीच तपासणी उन्हाळ्यातही करा.

पाणी: टँकरची बिलं मागा

पुरवठा एकाच प्राधिकरणाचा असला तरी इमारतीगणिक अनुभव वेगळा. चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५४० लिटर लागतात. ४० घरांच्या इमारतीला २१,६०० लिटर. आता जमिनीखालची टाकी किती लिटरची ते विचारा, त्यातलं आग विझवण्याचं राखीव पाणी वजा करा. उरलेला आकडा एका दिवसाच्या गरजेपेक्षा कमी असेल तर पुरवठा एक दिवस बंद झाला की टँकर ठरलेला. जुन्या इमारतीत घर घेत असाल तर सोसायटीकडे मागच्या एप्रिल-मेचा टँकरचा खर्च आणि प्राधिकरणाची मीटरची बिलं बघायला मागा. नव्या इमारतीत "नळजोडणी मंजूर आहे का, किती इंची" हे विचारून मंजुरीचं पत्र बघा. अर्ज केल्याची पावती म्हणजे पाणी नव्हे. ताबा मिळाल्यावर वर्षभर बोअरवेल आणि टँकरवर काढणाऱ्या इमारती दोन्ही गावांत भेटतात.

पूर्व-पश्चिम, शाळा, दवाखाना

हे लवकर आटपतं, पण विसरू नका. घर पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला असेल तर मूल रोज दोनदा उड्डाणपुलावरच्या गर्दीत अडकतं. बदलापुरात हे जास्त जाचक आहे. सकाळी सातला आणि दुपारी शाळा सुटताना रिक्षाने ती फेरी करून घड्याळ लावा. अंबरनाथ पश्चिमेला डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय आहे, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालयही अंबरनाथहून जवळ. बदलापूरहून रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं तर आधी अंबरनाथ ओलांडायचं असतं. घरात आजी-आजोबा असतील तर याला वजन द्या.

कागद: दोन्ही गावांत तेच, आणि याच क्रमाने

महारेराचा नंबर (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) पहिला, पण तेवढ्यावर थांबू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. रेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम परवानगीची प्रत उतरवून घ्या आणि तिचा जावक क्रमांक व तारीख नगररचना विभागाच्या नोंदीशी स्वतः जाऊन ताडून बघा. एक अर्ज, एक-दोन चकरा, एवढंच काम. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेती आदेश, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी). तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला. ते अंशतः असेल तर त्यात तुमची विंग आणि तुमचा मजला लिहिलाय का ते बघा. जुन्या घरासाठी आधीच्या सगळ्या नोंदणीकृत करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे.

नोटरी करारावर घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. त्याने मालकी येत नाही. एखाद्या इमारतीला कोणतीच मोठी बँक कर्ज देत नसेल तर बँकांनी तुमच्यासाठी तपासणी करून ठेवली आहे असं समजा.

किमतीची तुलना कशी करायची

दर नेहमी रेराच्या चटई क्षेत्रावर काढा. त्यात आतल्या भिंती येतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती येत नाहीत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतले मागच्या सहा महिन्यांतले इंडेक्स-२ (नोंदवलेल्या व्यवहारांचे गोषवारे) काढले की लोकांनी प्रत्यक्षात काय मोजलं ते कळतं. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये.

जीएसटीकडे नीट लक्ष द्या, कारण या दोन गावांत बरीचशी घरं नेमकी त्या सीमेवर येतात. बांधकाम चालू असलेल्या घराचं चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ६४५ चौरस फूट) आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर एक टक्का. दोन्हींपैकी एक अट मोडली की पाच टक्के. ४५ लाखांच्या घराला ४५ हजार, ४६ लाखांच्या घराला दोन लाख ३० हजार. पार्किंग आणि बिल्डरची इतर शुल्कं त्या किमतीतच धरली जातात, त्यामुळे "घर ४४ चं, पार्किंग वेगळं" या बोलण्यावर विसंबू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

मग कुणी कुठे

नवरा-बायको दोघंही रोज मुंबईला जाणारे आणि मुलं लहान असतील, तर थोडं लहान घर घेऊन अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत. पालेगावच्या बाजूचे मोठे प्रकल्प नावाला अंबरनाथ आहेत. तिथून स्टेशनला रिक्षा लागते, आणि अंबरनाथ घेण्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिस असेल, आईवडील बरोबर राहणार असतील आणि एक खोली खरोखर हवी असेल, तर बदलापूर पूर्व, कात्रपसारखा भाग. बदलापूर पश्चिम लाल रेषेच्या बाहेर असेल तरच.

जागा ठरली तरी टोकन रोख देऊ नका. चेकने द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर रक्कम इतक्या दिवसांत परत. नव्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायचा बिल्डरला अधिकार नाही. मागत असेल तर आधी करार नोंदवायला सांगा, मग पुढचा चेक.